एकल-हॉप बिअर

एकल-हॉप बिअर म्हणजे जिच्या निर्मितीत हॉप्स या वनस्पतीचा एकच वाण वापरलेला असतो अशी बिअर होय. सामान्यतः बिअरमध्ये कडूपणासाठी एक आणि सुगंधासाठी दुसरा, तिसरा असे अनेक वाण मिसळले जातात. एकल-हॉप बिअरमध्ये ही दोन्ही कामे एकाच वाणाकडे सोपवली जातात. त्यामुळे त्या वाणाचे गुण आणि दोष कोणत्याही आडपडद्याविना चाखता येतात. वाणांची ओळख करून घेणे, त्यांची तुलना करणे आणि पुढील मिश्रणे ठरवणे यांसाठी ही पद्धत जगभरातील लहान ब्रुअरी तसेच ज्या देशांत कायद्याने मुभा आहे तेथील घरगुती बिअर-निर्माते वापरतात. हॉप्सबरोबर माल्टही एकाच प्रकारचा असेल, तर अशा बिअरला ‘स्मॅश’ बिअर म्हणतात.

एकल-हॉप बिअरसाठी वाण निवडताना त्यातील अल्फा आम्लाचे प्रमाण, बाष्पनशील तेलांचे स्वरूप, साठवणुकीतील टिकाऊपणा, बिअरची शैली आणि किण्वनाचे तापमान यांचा एकत्रित विचार करावा लागतो. थंड हवेच्या देशांत लिहिलेले नियम उष्ण व दमट प्रदेशात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही उल्हास नदीच्या खोऱ्यातील शहरे या फरकाचे उदाहरण म्हणून पाहता येतात. महाराष्ट्रात परवान्याविना बिअर तयार करण्यास कायद्याने बंदी आहे (पहा: कायदेशीर स्थिती).

## हॉप्स

हॉप्स (शास्त्रीय नाव: ह्युम्युलस ल्युप्युलस) ही भांगेच्या कुळातील बहुवर्षायू वेल आहे. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. बिअरसाठी मादी वेलींचे कागदासारख्या पापुद्र्यांचे हिरवट शंकू वापरले जातात. या पापुद्र्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असलेल्या ग्रंथी असतात. कडूपणा आणि सुगंध देणारी द्रव्ये प्रामुख्याने याच भुकटीत साठलेली असतात.

व्यापारी लागवड मुख्यतः ३५ ते ५५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात होते. वेलीला हिवाळ्यातील थंड विश्रांतीचा काळ आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. उल्हास खोरे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असून तेथील सर्वांत मोठा दिवसही सुमारे सव्वातेरा तासांचाच असतो. त्यामुळे कोकणपट्टीत हॉप्सचे व्यापारी पीक घेतले जात नाही. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात हॉप्सची लागवड झाली आहे. मायक्रोब्रुअरी वापरतात ते नावाजलेले सुगंधी वाण मात्र मुख्यतः आयात केले जातात.

बाजारात हॉप्स बहुधा दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. यांतील ‘टी-९०’ या प्रकाराचे नाव १०० किलो वाळवलेल्या शंकूंपासून सुमारे ९० किलो गोळ्या मिळतात यावरून पडले आहे.

## इतिहास

हॉप्सच्या आधी युरोपात बिअरला चव देण्यासाठी निरनिराळ्या रानटी वनस्पतींची मिश्रणे वापरली जात. हॉप्समुळे बिअर अधिक काळ टिकते, हे लक्षात आल्यावर मध्ययुगात त्यांचा वापर वाढत गेला. बव्हेरियातील १५१६ च्या शुद्धता नियमात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य करण्यात आले होते.

एकाच वाणाची बिअर ही कल्पना नवी वाटली, तरी वाहतुकीची साधने मर्यादित असलेल्या काळात अनेक प्रदेशांत तीच स्वाभाविक रीत होती. ज्या गावाजवळ जो वाण पिकत असे, तोच तेथील बिअरमध्ये पडे. बोहेमियातील पिल्सेन येथे १८४२ मध्ये जोसेफ ग्रोल याने तयार केलेल्या फिकट लागर बिअरचा सुगंध झातेत्स परिसरातील साझ हॉप्सशी कायमचा जोडला गेला. झातेत्स आणि तेथील हॉप्सचे भूदृश्य यांचा २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

हॉप्सचा भारताशी आलेला संबंध उष्णतेमुळे आला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनमधील हॉजसनच्या ब्रुअरीची आणि नंतर बर्टन येथील ब्रुअरींची फिकट एल बिअर जहाजांतून मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील युरोपीय वस्तीसाठी पाठवली जात असे. विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या या प्रवासासाठी तिच्यात हॉप्स अधिक प्रमाणात घालत. हीच बिअर पुढे ‘इंडिया पेल एल’ म्हणून ओळखली गेली.

आधुनिक अर्थाने एकल-हॉप बिअरचा प्रसार अमेरिकेतील लहान ब्रुअरींमुळे झाला. ओरेगन येथील सरकारी संशोधन कार्यक्रमातून आलेला कॅस्केड हा वाण १९७० च्या दशकाच्या आरंभी लागवडीसाठी खुला झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एल या बिअरमध्ये त्याचा ठळक वापर केला. त्यानंतर वाणाचे नाव थेट बाटलीवर छापण्याची प्रथा हळूहळू रूढ झाली.

महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरींची सुरुवात पुण्यातून झाली. २००९ मध्ये तेथे सुरू झालेली डुलॅली ही राज्यातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक होय. वेडाचार या अर्थाचा हा इंग्रजी शब्द नाशिकजवळील देवळाली येथील लष्करी छावणीच्या नावावरून आलेला आहे.

## निवडीशी संबंधित रासायनिक घटक

### अल्फा आम्ले

ह्युम्युलोन, कोह्युम्युलोन आणि अॅडह्युम्युलोन ही प्रमुख अल्फा आम्ले होत. मूळ रूपात ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्ट गरम पाण्यात भिजवून मिळालेला गोड द्रव, म्हणजे वर्ट, हॉप्ससह उकळला की या आम्लांची रेणुरचना बदलते आणि आयसो-अल्फा आम्ले तयार होतात. बिअरचा कडूपणा मुख्यतः त्यांचा असतो. उकळण्याचा काळ जितका अधिक, तितके हे रूपांतर अधिक होते. कडूपणा ‘आयबीयू’ या एककात मोजतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एक लिटर बिअरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल.

### बाष्पनशील तेले

सुगंध तेलांमुळे येतो. वाळलेल्या हॉप्समध्ये तेलांचे प्रमाण वाणानुसार दर १०० ग्रॅमला साधारण अर्धा ते चार मिलिलिटर असते. मिर्सीन, ह्युम्युलीन, कॅरिओफिलीन आणि फार्नेसीन ही त्यांतील प्रमुख द्रव्ये होत. शिवाय लिनॅलूल आणि जिरॅनिऑल ही द्रव्ये अल्प प्रमाणात असूनही बिअरच्या गंधावर मोठा परिणाम करतात. ही तेले उकळीबरोबर उडून जातात. म्हणून सुगंधासाठी हॉप्स उकळण्याच्या शेवटी, ज्योत बंद केल्यावर किंवा किण्वनाच्या अखेरीस घालतात. या शेवटच्या पद्धतीला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात.

परदेशी पुस्तकांतील गंधवर्णने भारतीय वाचकाला अनेकदा परकी वाटतात. यांतील कित्येक द्रव्ये मात्र मराठी स्वयंपाकघरात आधीपासूनच आहेत. लिनॅलूल हे धण्याच्या तेलाचे मुख्य द्रव्य आहे. जिरॅनिऑल गुलाबात आणि रोशा गवताच्या तेलात आढळते. कॅरिओफिलीन मिरी आणि लवंगेत असते. गवती चहाचा लिंबासारखा वास ज्या सिट्रालमुळे येतो, त्याचे जिरॅनिऑलशी जवळचे रासायनिक नाते आहे. धणे, मिरी, लवंग, गवती चहा आणि संत्र्याची साल यांचे वास शेजारी ठेवून हॉप्स हुंगल्यास वर्णनासाठी नेमके शब्द सापडतात.

## प्रमुख वाण

खालील तक्त्यातील अल्फा आम्लाचे आकडे सर्वसाधारण आहेत. ते हंगाम व शेत यांनुसार बदलतात. वेष्टनावर छापलेला त्या विशिष्ट खेपेचा आकडाच हिशोबासाठी ग्राह्य मानतात.

| वाण | मूळ देश | अल्फा आम्ल (टक्के) | गंध | अनुरूप शैली |
|---|---|---|---|---|
| साझ | चेक प्रजासत्ताक | २.५–४.५ | सौम्य, वनौषधी, मसालेदार | पिल्सनर |
| हालरटाऊ मिटलफ्रू | जर्मनी | ३–५.५ | फुलांसारखा, सौम्य | फिकट लागर, गव्हाची बिअर |
| ईस्ट केंट गोल्डिंग्ज | इंग्लंड | ४–६.५ | मध, माती, फुले | इंग्लिश पेल एल, बिटर |
| कॅस्केड | अमेरिका | ४.५–८ | पपनस, फुले | अमेरिकन पेल एल |
| सेंटेनियल | अमेरिका | ९–११.५ | लिंबू, फुले, राळ | पेल एल, आयपीए |
| सिट्रा | अमेरिका | ११–१४ | लिंबूवर्गीय फळे, आंबा, लिची | आयपीए |
| मोझॅइक | अमेरिका | ११.५–१३.५ | पिकलेला आंबा, बेरी, पाइन | आयपीए |
| नेल्सन सोव्हिन | न्यूझीलंड | १२–१३ | पांढरी द्राक्षे, गूसबेरी | पेल एल, लागर |
| मॅग्नम | जर्मनी | ११–१६ | अल्प, स्वच्छ | मुख्यतः कडूपणासाठी |

साझ, हालरटाऊ मिटलफ्रू, टेटनांग आणि श्पाल्ट या मध्य युरोपीय वाणांना परंपरेने ‘नोबल’ हॉप्स म्हणतात. मॅग्नमसारखे वाण कडूपणासाठी उत्तम असले, तरी त्यांचा सुगंध मंद असल्यामुळे एकल-हॉप बिअरसाठी ते क्वचितच निवडले जातात. याउलट ज्या वाणात कडूपणा आणि सुगंध दोन्ही समतोल आहेत, त्यांना ‘दुहेरी उपयोगाचे’ वाण म्हणतात. सेंटेनियल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून अमेरिकेतील बेल्स ब्रुअरीची टू हार्टेड ही बिअर केवळ या वाणावर बेतलेली आहे.

## निवड आणि प्रमाण

### तुलनेचा पाया

एकल-हॉप बिअरचा मूळ हेतू तुलना हा असेल, तर हॉप्स वगळता सर्व घटक तेच ठेवावे लागतात: माल्ट, पाणी, यीस्ट, तापमान आणि काळ. माल्ट शक्यतो फिकट आणि साधा निवडतात, कारण भाजलेल्या माल्टची कॉफी वा कॅरामलसारखी चव हॉप्सचे बारकावे झाकते. वर्टची घनता मध्यम, म्हणजे १.०४५ ते १.०५५ च्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे.

खरी अडचण प्रमाण ठरवताना येते. दोन वाण समान वजनाने घातले, तर जास्त अल्फा आम्लाची बिअर फार कडू होते. समान कडूपणा राखला, तर वजन वेगळे पडते. टिन्सेथ यांच्या प्रचलित सूत्रानुसार १.०५० घनतेच्या वर्टमध्ये ६० मिनिटे उकळल्यास सुमारे २३ टक्के अल्फा आम्लाचा उपयोग होतो, तर १० मिनिटांत केवळ ८ टक्क्यांच्या आसपास. २० लिटर बिअरमध्ये ३० आयबीयू कडूपणा केवळ ६० मिनिटांच्या हॉप्समधून आणायचा असेल, तर ३.५ टक्के अल्फा आम्लाचा साझ सुमारे ७४ ग्रॅम लागतो, ६ टक्क्यांचा कॅस्केड ४३ ग्रॅम आणि १२ टक्क्यांचा सिट्रा अवघा २२ ग्रॅम. साझच्या बिअरमध्ये तिपटीहून अधिक पाला उकळला जातो. त्यातून गवतासारखी, तुरट चव येण्याची शक्यता वाढते आणि वर्टही अधिक शोषला जातो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे सुगंधासाठीचे वजन सर्व बिअरमध्ये समान ठेवणे आणि उरलेला कडूपणा त्याच वाणाच्या ६० मिनिटांच्या मात्रेने भरून काढणे. वरील उदाहरणात शेवटच्या १० मिनिटांत प्रत्येकी ४० ग्रॅम घातल्यास सिट्रातून सुमारे २० आयबीयू मिळतात, साझमधून केवळ ६. म्हणून ३० आयबीयू गाठण्यासाठी आरंभी सिट्रा सुमारे ७ ग्रॅम आणि साझ सुमारे ६० ग्रॅम घालावा लागतो. अशा रीतीने दोन्ही बिअरचा कडूपणा सारखा राहतो आणि सुगंधाची तुलनाही न्याय्य होते.

काही निर्माते कडूपणासाठी मॅग्नम किंवा तटस्थ हॉप-अर्क वापरून फक्त सुगंधाचा वाण बदलतात. सुगंधाच्या तुलनेसाठी ही पद्धत अधिक काटेकोर ठरते. मात्र काटेकोर व्याख्येनुसार अशी बिअर एकल-हॉप राहत नाही.

### ड्राय हॉपिंग

ड्राय हॉपिंगमध्ये दर लिटरला साधारण ३ ते ८ ग्रॅम हॉप्स दोन ते चार दिवस भिजत ठेवतात. अधिक काळ ठेवल्यास सुगंध फारसा वाढत नाही, पालेदार चव मात्र वाढते. हॉप्समध्ये स्वतःची विकरे असतात. ती न आंबलेल्या शर्करासाखळ्या तोडतात आणि यीस्ट त्यांवर पुन्हा किण्वन करते. या प्रक्रियेला ‘हॉप क्रीप’ म्हणतात. उबदार हवेत ती वेगाने घडते आणि घाईने बाटलीबंद केलेल्या बिअरमध्ये वायूचा दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. त्यामुळे बिअरची घनता काही दिवस स्थिर राहिल्याची खात्री करूनच ती भरली जाते.

## उष्ण व दमट हवामानातील निवड

### उल्हास खोऱ्याची परिस्थिती

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील सलग शहरे आहेत. समुद्रापासून आत असल्यामुळे येथील उन्हाळा मुंबईपेक्षा कडक असतो. एप्रिल–मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर जाते. जूनपासून चार महिने हवा अत्यंत दमट राहते. डिसेंबर–जानेवारीत रात्री गारवा असतो. हॉप्सच्या दृष्टीने या तिन्ही ऋतूंचे परिणाम वेगळे आहेत.

### साठवण

हॉप्सचे शत्रू उष्णता, प्राणवायू आणि प्रकाश हे होत. तापमान १५ अंशांनी वाढल्यास अल्फा आम्लाच्या ऱ्हासाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. वाणांचा टिकाऊपणा सारखा नसतो. २० अंश सेल्सियसला सहा महिने ठेवल्यावर कॅस्केडमधील अल्फा आम्ल सुमारे निम्मे उरते, मॅग्नममध्ये मात्र सुमारे चार पंचमांश शिल्लक असते. साझही फारसा टिकाऊ नाही. ज्या शहरात खोलीचे तापमान वर्षातील बराच काळ ३० अंशांवर असते, तेथे ही तफावत अधिक जाणवते.

म्हणूनच उष्ण प्रदेशात ‘कोणता वाण’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या हंगामाचा आणि कसा ठेवलेला’ हा प्रश्न येतो. ताजा कॅस्केड हा जुन्या सिट्रापेक्षा चांगली बिअर देतो. वेष्टनावर पिकाचे वर्ष छापलेले असावे, ते हवाबंद व अपारदर्शक असावे आणि पुडे फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास ठेवावे, असा संकेत आहे. उन्हाळ्यात मालवाहू गाडीत किंवा पत्र्याच्या गोदामात काढलेले काही दिवसही हॉप्सचे नुकसान करतात. खराब हॉप्सचा रंग तपकिरी होतो आणि आयसोव्हॅलेरिक आम्लामुळे त्यांना जुनाट चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास येतो. पावसाळ्यात उघडा पुडा बाहेर राहिल्यास हॉप्स ओलावा धरतात आणि दळलेला माल्टही मऊ पडतो.

### किण्वनाचे तापमान

एल यीस्टसाठी साधारण १८ ते २२ अंश, तर लागर यीस्टसाठी ८ ते १३ अंश सेल्सियस तापमान लागते. किण्वनातून स्वतःची उष्णताही निर्माण होत असल्यामुळे द्रवाचे तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक असते. शीतकरणाविना मे महिन्यात एल यीस्ट केळी, नेलपॉलिश आणि उग्र मद्यार्काचे वास निर्माण करते. अशा बिअरमध्ये साझ किंवा हालरटाऊचा सौम्य सुगंध पूर्णपणे बुडून जातो आणि दोष हॉप्सच्या माथी मारला जातो.

वाणाची निवड त्यामुळे शीतकरणाच्या सोयीवर अवलंबून राहते. तापमान नियंत्रित असेल तरच नोबल वाणांची एकल-हॉप लागर अर्थपूर्ण ठरते. नियंत्रण अपुरे असेल, तर सेंटेनियल, सिट्रा यांसारखे ठळक, लिंबूवर्गीय वाण अधिक निभावून नेतात. नॉर्वेतील शेतघरांत परंपरेने जपलेले क्वाइक यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ किण्वन करू शकते. त्यातील काही प्रकार मात्र संत्र्यासारखा गंध सोडतात. तो सिट्राशी जुळतो, पण वाणाच्या काटेकोर तुलनेत अडथळा ठरतो.

### पाणी

या भागातील उद्योगांना आणि वस्त्यांना बारवी धरण आणि उल्हास नदी यांचे पाणी पुरवले जाते. पावसाळ्यात साठलेले असे पाणी सामान्यतः विंधन विहिरीच्या पाण्यापेक्षा मृदू असते. मृदू पाणी साझसारख्या सौम्य वाणाला अनुकूल आहे. सल्फेटचे प्रमाण अधिक असल्यास कडूपणा कोरडा व धारदार लागतो, तर क्लोराइड अधिक असल्यास बिअरला गोलाई येते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माल्टमधील फिनॉलशी संयोग पावून दवाखान्यासारखा वास निर्माण करतो. कार्बन गाळणीने तो टाळता येतो. एकाच तुलनेतील एका बिअरसाठी नळाचे आणि दुसरीसाठी टँकरचे पाणी वापरल्यास निष्कर्ष निरुपयोगी ठरतो.

## कायदेशीर स्थिती

घरगुती बिअर-निर्मितीचे कायदे देशोदेशी भिन्न आहेत. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये स्वतःच्या वापरासाठीच्या निर्मितीवरील परवान्याची अट रद्द झाली. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने, दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबास वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त तयार करण्याची मुभा मिळाली. एकल-हॉप बिअरविषयीचे बहुतेक व्यावहारिक साहित्य अशा देशांत लिहिले गेले आहे.

भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) यातील ‘मद्य’ या संज्ञेत बिअरचा समावेश होतो. अधिनियमाचे कलम १२ परवान्याविना मद्यनिर्मितीस प्रतिबंध करते आणि कलम ६५ मध्ये त्यासाठी कारावास व दंडाची तरतूद आहे. स्वतःच्या वापरासाठी केलेल्या अल्प प्रमाणातील बिअरला यात वेगळी सूट नाही. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथील घरात अशी बिअर तयार करणे हा गुन्हा ठरतो. अंमलबजावणी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे असून मायक्रोब्रुअरींना याच विभागाचा परवाना घ्यावा लागतो.

## बिअरविना हॉप्सची पारख

हॉप्स स्वतः मद्य नाहीत. त्यांची पारख करण्यासाठी किण्वनाची गरज नसते. ब्रुअरींतही खरेदीपूर्वी पुढील पद्धती वापरल्या जातात.

* चोळून हुंगणे: थोडे शंकू किंवा गोळ्या तळहातावर चोळून उष्णतेने सुटणारा वास घेतला जातो. ताजेपणा ओळखण्याचा हा सर्वांत जुना मार्ग आहे.
* हॉप चहा: ७० ते ८० अंशांच्या पाण्यात दर लिटरला काही ग्रॅम हॉप्स काही मिनिटे भिजवून गाळतात. किण्वन नसल्यामुळे त्यात मद्यार्क तयार होत नाही. तेलांचा सुगंध त्यात स्पष्ट कळतो, कडूपणाचा अंदाज मात्र येत नाही.
* हॉप पाणी: थंड सोडा-पाण्यात हॉप्स भिजवून केलेले हे पेय काही देशांत मद्यविरहित पेय म्हणून विकलेही जाते.

पाण्यातील आणि बिअरमधील गंध पूर्णपणे सारखे नसतात. किण्वनात यीस्ट काही द्रव्यांचे रूपांतर करते, उदाहरणार्थ जिरॅनिऑलपासून सिट्रोनेलॉल तयार होते. तरीही वाण निवडण्याची पहिली चाळणी म्हणून या पद्धती पुरेशा ठरतात.

वापरलेले व न वापरलेले हॉप्स कुत्र्यांसाठी विषारी आहेत. ते खाल्ल्यास कुत्र्याच्या शरीराचे तापमान जीवघेण्या पातळीपर्यंत वाढू शकते. त्यामुळे उरलेला चोथा उघड्या कचऱ्यात टाकत नाहीत.

## आस्वाद आणि तुलना

दोन वाणांत खरोखर फरक जाणवतो का, हे तपासण्यासाठी ‘त्रिकोणी चाचणी’ वापरतात. प्रत्येक परीक्षकाला तीन पेले दिले जातात. त्यांपैकी दोन सारखे आणि एक वेगळा असतो. निव्वळ अंदाजाने वेगळा पेला ओळखण्याची शक्यता एक तृतीयांश असते. नऊ परीक्षकांपैकी किमान सहा जणांनी तो अचूक ओळखला, तर फरक योगायोगाचा नसावा असे मानले जाते. पेल्यांवर वाणाचे नाव न लिहिता क्रमांक टाकतात, कारण नाव कळताच अपेक्षित वास येऊ लागतो. हीच चाचणी हॉप चहावरही करता येते.

हॉप्सयुक्त बिअर सूर्यप्रकाशात ठेवल्यास आयसो-अल्फा आम्लांपासून गंधकयुक्त थायॉल तयार होऊन तिला उग्र, घाणेरडा वास येतो. त्यामुळे नमुने तपकिरी बाटल्यांत आणि अंधारात ठेवतात.

## मर्यादा

एकल-हॉप बिअर ही दर वेळी उत्कृष्ट बिअर असतेच असे नाही. काही वाण एकटे वापरल्यास एकसुरी वाटतात आणि मिश्रणातच खुलतात. शिवाय एका बिअरवरून वाणाविषयी कायमचे मत बनवणे धोक्याचे असते, कारण त्याच वाणाची दुसऱ्या शेतातील किंवा दुसऱ्या वर्षाची खेप वेगळी असू शकते. उष्ण प्रदेशात साठवणुकीचा परिणाम वाणाच्या परिणामात मिसळतो. म्हणून तेथील नोंदींत वाणाच्या नावाबरोबर पिकाचे वर्ष, अल्फा आम्ल, साठवणुकीचे तापमान आणि किण्वनाचे तापमान यांची नोंद ठेवली तरच दोन बिअरमधील फरकाचे श्रेय हॉप्सला देता येते.

## हे सुद्धा पहा

* बिअर
* इंडिया पेल एल
* किण्वन
* यीस्ट
* माल्ट
* उल्हास नदी
* महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम